देव्हाऱ्यातले अडीचशे

गाडी ताशी अडीचशे किलोमीटरला पोहोचली की आपली आपण अडते, त्यापुढे पळत नाही, हे आम्ही दोघांनी एकाच मासिकात वाचलं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. डोंबिवली पूर्वेला एक रद्दीवाला परदेशी मासिकं वेगळी काढून ठेवायचा. माझा मित्र तिथे नेहमी माझ्याआधी पोहोचायचा, त्यामुळे मासिक त्याचं व्हायचं आणि त्याचं वाचून झालं की माझ्याकडे यायचं. चांगल्या पानांचे कोपरे त्याने आधीच दुमडलेले असायचे.

जर्मनीतल्या मोठ्या गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांनी आपसांत एक आकडा ठरवला होता. इंजिनात ताकद शिल्लक असली तरी अडीचशेच्या वर जायचं नाही. त्यासाठी गाडीत एक इलेक्ट्रॉनिक पेटी होती, लिमिटर. चाकं किती वेगाने फिरताहेत हे तिला तारेवरून कळायचं आणि मर्यादा आली की ती इंजिनाला मिळणारं पेट्रोल तोडायची. ड्रायव्हरने पाय कितीही दाबला तरी.

त्याच्या घरी स्कूटर होती, आमच्याकडे सायकल. अडीचशे हा आकडा आमच्यापैकी कुणाच्याच उपयोगाचा नव्हता. मी त्याला विचारलं, "हे ठरवलं कोणी?" तो म्हणाला, "ते सोड रे. पेट्रोल नेमकं कुठे तोडतात ते बघ."

पुढे तो इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर झाला आणि मी ठाण्याच्या एका दैनिकात उपसंपादक. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तो जर्मनीला गेला. ज्या कंपनीत लागला ती अशाच पेट्या बनवत होती, आणि मर्यादेजवळ आल्यावर पेटीने काय करायचं हे ठरवणाऱ्या चमूत त्याला घेतलं होतं. त्याच्या आईने मला हे रस्त्यात थांबवून सांगितलं. मी अभिनंदन केलं आणि ऑफिसला गेलो. त्या दिवशी मी कल्याणच्या पाणीपुरवठ्याची बातमी लिहिली.

रविवारच्या पुरवणीत वाहनांवरचं एक छोटं सदर मी मागून घेतलं होतं. माझं नाव छापून येण्याची तेवढीच जागा. त्यात एकदा मी या वेगमर्यादेवर लिहिलं. मासिकात वाचलेल्या आधारावर लिहिलं, की अडीचशेला गाडीला हलका धक्का बसतो, जणू कुणीतरी मागून धरलं. त्याच्या आईने कात्रण त्याला पाठवलं. त्याचा फोन आला.

"अरे, धक्का नाही बसत. धक्का बसला तर माझी नोकरी जाईल."

"मग काय होतं?"

"काहीच होत नाही. तीच तर गंमत आहे. मी गेलेलो ना टेस्टला, कधी लागलं ते कळलंच नाही."

तो त्या गाडीत बसला होता. लेख मी लिहिला होता.

त्या लेखानंतर काही आठवड्यांनी एक गृहस्थ आमच्या ठाण्याच्या कचेरीत आले. साठीचे, पांढरा सदरा, गळ्यात सोन्याची जाड साखळी. डोंबिवली पश्चिमेच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातले. पूर्वी खाडीत मासेमारी, नंतर रेतीचा धंदा, दारात ट्रक. गावात त्यांना सगळे नाना म्हणत. त्यांनी खिशातून माझ्या लेखाचं कात्रण काढलं.

"हा तुमी लिवलाय?"

"हो."

"गारी आपली आपन थांबते?"

"थांबत नाही. एका वेगाच्या पुढे जात नाही."

"कवऱ्यावर?"

"अडीचशे."

"आमची साठवर थांबवाची हाय," नाना म्हणाले आणि कात्रणाची घडी पुन्हा खिशात ठेवली.

सवयीप्रमाणे मी बाकीचं विचारून घेतलं. त्यांचा थोरला मुलगा शीळ रस्त्यावर मोटरसायकलच्या अपघातात गेला होता. धाकट्याचं लग्न ठरलं होतं. इंग्लंडहून परतलेल्या एका डॉक्टरने सामानासोबत आणलेली काळी जर्मन गाडी धाकट्याने हट्टाने घ्यायला लावली होती आणि नवरीला स्वतः चालवत घरी आणीन असं मित्रांत सांगून ठेवलं होतं. गाडी अंगणात उभी होती. किल्ली नानांच्या कमरेला, कपाटाच्या किल्ल्यांच्या जुडग्यात. बापलेकांचं बोलणं बंद होतं.

"मना एकच पोऱ्या रायलाय," नाना म्हणाले. "किल्ली दिली नाय तं तो जातो, दिली तं रस्ता नेतो. तुमी सांगा."

मी ठाणे-कल्याणच्या गॅरेजवाल्यांना विचारलं. बहुतेकांनी ॲक्सिलरेटरखाली लाकडी ठोकळा बसवायला सांगितलं. नाना हसले. त्यांच्या ट्रकांना गव्हर्नर होते. वेग वाढू नये म्हणून बसवलेले, तारेने सील केलेले. ड्रायव्हर पहिल्याच खेपेला सील तोडत. "दिसतंय ते तोरतात," ते म्हणाले. "दिसाचंच नाय, असा पायजे."

शेवटी मला मित्रालाच फोन करावा लागला. मी सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं.

"एवढंच? पेटीचा नंबर पाठव. आतली चिप बदलायची, झालं. डिसेंबरमध्ये येतोच आहे."

पेटीचा नंबर वाचण्यासाठी मी नानांच्या अंगणात त्या गाडीत उताणा पडलो. डॅशबोर्डच्या खाली डोकं, सीटवर पाय. नानांची बायको ओट्यावर कोलंबी सोलत होती. ती शेजारणीला म्हणाली, "पेपरवाला गारीत बातमी हुरकतंय." दोघी हसल्या. मी नंबर उतरवला, ऑफिसातून फॅक्स केला. या सगळ्या प्रकरणात माझ्या हाताने झालेलं काम ते एवढंच.

मित्राचा उलट निरोप आला : आकडा सांग. चिपमध्ये एक आकडा भरावा लागतो.

नानांचे साठ ठरलेले होते. धाकटा खांबाला टेकून उभा होता. पंचवीसचा, दाढी कोरलेली. बापाशी बोलत नसल्यामुळे तो माझ्याशी बोलला.

"दादा, यांना सांगा, साठवर रिक्षा पन जाते. एकशेवीस."

"त्याला सांगा, पासष्ट," नाना मला म्हणाले.

दोघे एकमेकांपासून चार हातांवर आणि मी मध्ये. पासष्ट, एकशेदहा, सत्तर, शंभर. नानांची बायको न राहवून म्हणाली, "मासली इकता का पोऱ्याचा जीव इकता?" मग नाना थेट मुलाकडे बघून बोलले. "तुझा भाऊस शंभरावर व्हता." धाकट्याने मान खाली घातली. "ऐंशी," तो म्हणाला. नानांनी माझ्याकडे वळून विचारलं, "ते जर्मनवाल्यांनी पन असाच तोरला ना भाव, आपसांत?"

मी म्हटलं, साधारण असाच.

"मंग झाला. तेंचा अरीचशे, आपला ऐंशी."

मित्र आला तो दोन दिवसांतच कोळीवाड्यात. त्याला आणायला नानांनी जीप पाठवली. मी रिक्षाने गेलो. अंगणात खुर्च्या टाकल्या होत्या, अख्खी आळी जमली होती. त्याने खिशातून प्लास्टिकची डबी काढली. आत काळ्या स्पंजमध्ये रोवलेली चिप. नखाच्या दुप्पट लांबीची, दोन्ही बाजूंना बारीक पाय.

"गोम हाय का काय?" नानांची बायको म्हणाली. "येवरीशी, आनि गारी धरनार?"

"काकी, हिच्यात ऐंशी लिहिलंय," मित्र म्हणाला.

"कुठं? मना नाय दिसत."

"मलाही दिसत नाही. पण आहे."

सगळे हसले. तो सहा वर्षं जर्मनीत राहून आला होता आणि त्या अंगणात अशा रीतीने बसला होता की जणू रोज येतो. मी तिथे त्याच्याआधी चार वेळा गेलो होतो. काकींशी असं बोलताना मला अजून कुणी पाहिलं नव्हतं.

पेटी काढून त्याने मांडीवर घेतली, झाकण उघडलं, जुनी चिप पातळ पेचकसाने उचकटून बाहेर काढली. टॉर्च मी धरला होता. तेवढ्यात नाना म्हणाले, "थांबा." घरात नवी वस्तू आली की तिला हळदकुंकू लागतं. ट्रक आला तेव्हा लागलं होतं, बोटीचं इंजिन आलं तेव्हा लागलं होतं. काकींनी ओल्या बोटाने नव्या चिपला हळद लावली, वर कुंकू लावलं. मित्र हात पुढे करायच्या आत लावून झालं होतं. चिप त्याने पेटीत बसवली, पेटी गाडीत बसवली आणि धाकट्याला किल्ली फिरवायला सांगितली.

इंजिन नुसतं गुरगुरलं. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच.

नानांचा हात कमरेकडे गेला, गाडीची किल्ली काढून दिलेल्या जुडग्याकडे. मित्राच्या कपाळावर घाम आला. मला त्या क्षणी बरं वाटलं. गाडी चालू व्हावी असं मला वाटत होतं, ती त्याच्या हातून होऊ नये असंही वाटत होतं, आणि दोन्ही एकाच वेळी.

त्याने पेटी पुन्हा बाहेर काढली, चिप उपटली आणि उजेडात धरली. पायांमध्ये ओली हळद शिरली होती. त्याने आपल्या रुमालाने एकेक पाय पुसला, फुंकर मारली, परत दाबून बसवली. काकींना तो म्हणाला, "काकी, हळद लागली ना, म्हणून लाजत होती." इंजिन पहिल्या फिरकीत लागलं. आळी ओरडली. एका म्हाताऱ्याने त्याच्या पाठीवर थाप मारली.

जुनी चिप नानांनी मागून घेतली.

"हिच्यात अरीचशे हाय?"

"हो. जपून ठेवा. ही परत लावली की गाडी होती तशी."

"कोन पन लावेल?"

"पेचकस असला की कोणीही."

मला वाटलं, आता ते ती खाडीत टाकतील. नाना आत गेले. देव्हाऱ्यात एकवीरेच्या टाकासमोर पितळेचा करंडा होता, त्यात त्यांनी चिप ठेवली आणि झाकण लावलं. धाकटा दारातून बघत होता. बाहेर येऊन नाना त्याला म्हणाले, "अरीचशे आईच्या पायाशी हायेत. पायजे तं घे उचलून." मग मुलाच्या हाताला धरून त्यांनी त्याला ड्रायव्हरच्या जागेवर नेलं. कित्येक महिन्यांत ते पहिल्यांदाच एकमेकांना शिवले असावेत.

चाचणीला शीळ रस्त्याला जायचं ठरलं. धाकटा गाडीवर, नाना पुढे त्याच्या शेजारी. मागे मित्र, नानांचे भाऊ आणि पाठीवर थाप मारणारा तो म्हातारा. गाडी भरली. मी उघड्या दाराला हात लावून उभा होतो.

"तुमी बसा, चा घ्या," नाना काचेतून म्हणाले.

मी काकींबरोबर ओट्यावर बसून चहा घेतला. दहा वर्षं ज्याबद्दल वाचलं आणि लिहिलं, ते तिथून काही मैलांवर घडत होतं. काकींनी विचारलं, "तुमी दोघं एकाच शालंत व्हता?" मी हो म्हणालो. "हुशार हाय तो," त्या म्हणाल्या. त्यालाही मी हो म्हणालो.

परत आल्यावर मी चौघांना वेगवेगळं विचारलं. नानांचे भाऊ म्हणाले, गाडी कुत्र्यासारखी साखळीला येऊन थांबली. म्हातारा म्हणाला, त्याला काही कळलं नाही, त्याने डोळे मिटले होते. धाकटा म्हणाला, "पाय पार खाली गेला, दादा, पन ती बोललीच नाय." नानांकडे वळलो, तर ते मित्राचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून उभे होते. खरी बातमी त्या हातांत होती, पण ती मला कुणाच्या तोंडून मिळणार नव्हती.

लग्नात मित्राला घरच्यांच्या रांगेत फेटा बांधला. मला पाहुण्यांच्या रांगेत. नवरीला घेऊन येणारी गाडी बँजो पार्टीच्या मागे इतकी हळू चालली की ऐंशीचा, अडीचशेचा प्रश्नच आला नाही. पुढे काकी आणि त्यांच्या जावा नाचत होत्या, त्यांनी जेवढा रस्ता दिला तेवढा गाडीने घेतला. मित्र माझ्या कानाशी ओरडला, "हे लिमिटर बघ. आमच्या कंपनीला जमणार नाही." चांगलं वाक्य होतं. मला आधी सुचायला हवं होतं.

पुढच्या आठवड्यात तो जर्मनीला परत गेला. नवं जोडपं कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाला निघणार होतं. नानांचा ऑफिसात फोन आला.

"ते तर नायत. तं तुमी या."

मी गेलो. पुढे धाकटा आणि त्याची बायको, मागे नाना, काकी आणि मी. शीळ रस्त्यावर एका वळणाआधी काकींनी पदर डोक्यावर घेतला आणि नाना दुसऱ्या बाजूच्या शेताकडे बघू लागले. धाकट्याने तिथे गाडी हळू केली. मी जागा ओळखली. त्या अपघाताची चार ओळींची बातमी त्या वेळी आमच्याच पेपरात आली होती.

पनवेल मागे पडलं आणि रस्ता सरळ, मोकळा झाला. दोन सीटांच्या फटीतून मला वेगाचा काटा दिसत होता. तबकडीवर आकडे दोनशे साठपर्यंत होते. काटा साठच्या पुढे गेला, सत्तरच्या पुढे गेला. धाकट्याचा गुडघा खाली जाताना मला दिसला. मी सगळं लक्ष पाठीत एकवटून बसलो होतो. धक्का, थरथर, आवाजातला बदल, काहीतरी. काटा ऐंशीच्या किंचित वर होता. तो तिथे कधीपासून होता हे मला सांगता आलं नसतं. गाडी चालली होती, गुडघा खालीच होता, आणि कुणीही आम्हाला धरलेलं नव्हतं.

त्याने सांगितलं होतं तसंच होतं. अगदी शब्दाशब्दाने.

मागून हॉर्न आला आणि एक एसटी आम्हाला ओलांडून पुढे गेली. मागच्या खिडकीतून एका पोराने आम्हाला जीभ काढून दाखवली.

"बग," धाकटा बायकोला म्हणाला. "यष्टी पन गेली. लाज हाय का काय?"

"जाऊ दे," काकी मागून म्हणाल्या. "तिला टाइम हाय, आपल्याला काय हाय?"

"नाना, शंभर तरी कराचा व्हता."

नानांनी उत्तर दिलं नाही. मी वळून पाहिलं. त्यांचं डोकं काचेला टेकलं होतं, तोंड किंचित उघडं होतं. गाडीच्या हेलकाव्याबरोबर साखळी छातीवर हलत होती. ते गाढ झोपले होते.

काकींनी ओठांवर बोट ठेवलं. मग माझ्याकडे झुकून हळू आवाजात म्हणाल्या, "थोरला गेला तवापासून गारीत डोला नाय लागला यांचा. कुनाच्याच गारीत नाय. यष्टीत पन दांडी धरून उभे रातात."

धाकट्याने आरशात पाहिलं. त्यानंतर त्याने शंभराची गोष्ट काढली नाही. घाटापर्यंत काटा होता तिथेच राहिला, आणि ओलांडणाऱ्या प्रत्येक गाडीला त्याने हात दाखवून वाट दिली.

मी नानांकडे बघत होतो. काच, टेकलेलं डोकं, उघडं तोंड. हे त्या मित्राने केलं होतं. दोन नखांएवढ्या वस्तूत एक आकडा भरून, अर्ध्या तासाच्या कामात, "एवढंच?" असं म्हणत. मी दहा वर्षं लिहून एक माणूस असा झोपवला नव्हता. आणि ते बघायला तो इथे नव्हता, मी होतो, ही गोष्ट मला त्याच्यावर मिळालेल्या विजयासारखी वाटायला हवी होती. तशी ती वाटली नाही.

काही दिवसांनी त्याचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर त्याने विचारलं, "चिप कशी चालतेय? बसलास का?"

"बसलो."

"मग?"

"काटा ऐंशीच्या थोडा वर राहतो."

"मीटर जास्तच दाखवतो, ते ठीक आहे. अडकताना कळतं का?"

"नाही."

"नक्की? घाई करून भरलंय रे मी ते. मला वाटलेलं, थोडं तरी जाणवेल."

मी त्याला सांगितलं. पनवेलनंतरचा रस्ता, एसटी, आरसा, काकींचं बोलणं. नाना झोपले, हेही सांगितलं. काहीही न गाळता, झालं त्या क्रमाने सांगितलं. मला वाटलं, त्याला पोहोचलं.

"लिमिटला असताना झोपले? जाग नाही आली?"

"नाही आली."

"मग खरंच जर्क नाही," तो म्हणाला. आवाजात आनंद मावत नव्हता.

फोन ठेवला तेव्हा समोर रविवारच्या सदरासाठी कोरा कागद होता. मी त्यावर दुचाकीच्या टायरमधल्या हवेबद्दल लिहिलं.